इंचापासून अँगस्ट्रॉमपर्यंत: एका कन्व्हर्टरची उलटतपासणी

लांबीची जुनी मापं अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), फर्मी, पिकोमीटर अशा सूक्ष्म एककांत बदलून देणारे कन्व्हर्टर ढिगाने मिळतात. त्यातला एक मी नेहमी वापरते. त्याचं नाव देत नाही, कारण माझ्या तक्रारी त्याच्या बहुतेक भावंडांनाही लागू पडतील.

क्युबिटचे, म्हणजे हातभर लांबीच्या त्या प्राचीन मापाचे, अँगस्ट्रॉम करून मिळवायचं काय, असं कुणीही विचारेल. क्युबिटचे करून काहीच मिळत नाही. पण मी प्रकाशशास्त्रातले जुने निबंध वाचते, आणि तिथे हे यंत्र खरंच कामाला येतं. थॉमस यंगने १८०२ मध्ये रंगांच्या तरंगलांबी इंचात दिल्या: तांबड्याच्या टोकाला ०.००००२६६, जांभळ्याच्या टोकाला ०.००००१६७. कन्व्हर्टर सांगतो ६७५६ आणि ४२४२ अँगस्ट्रॉम. आजच्या कुठल्याही वर्णपटाच्या तक्त्याशेजारी ठेवा, शोभतात.

फसगत सुरू होते ती पुढे. जर्मन प्रकाशशास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८२०च्या दशकात जाळीने (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक समांतर रेघांच्या साधनाने) मोजलेली वर्णपटातली पिवळी डी रेषा, म्हणजे सोडियमची रेषा, ०.००००२१७५ इंच अशी दिली आहे. यादीतला साधा इंच निवडला की उत्तर येतं ५५२४ अँगस्ट्रॉम, म्हणजे चक्क हिरवा! मोजणाऱ्याची काही चूक नाही, त्याचा इंच पॅरिसचा होता, २७.०७ मिलिमीटरचा. त्या इंचाने हिशेब केला की ५८८८ येतात. सोडियमच्या जोडरेषा ५८९० आणि ५८९६ वर आहेत, तेव्हा त्या काळातल्या मोजणीला सलामच करावा लागतो. आणि या कन्व्हर्टरच्या यादीत पॅरिस इंच नाही. बायबलमधली मापं आहेत, दोरखंडाची मापं आहेत, पण ज्या इंचात तरंगलांबी छापल्या गेल्या तोच गायब.

त्वाझ हे जुनं फ्रेंच माप मात्र आहे, १.९४९०३६ मीटरचं. आकडा बरोबर आहे: १७९९ मध्ये मीटरच ४४३.२९६ लिन्य (पॅरिस इंचाचा बारावा भाग) असा ठरवला गेला आणि एका त्वाझमध्ये ८६४ लिन्य. पण १८१२ च्या फ्रेंच नियमाने त्वाझ नेमकं दोन मीटरचं झालं. या दुसऱ्या त्वाझचा यादीत पत्ता नाही. दोघांत पाच सेंटिमीटरचं अंतर आहे, आणि कन्व्हर्टर खुशाल दशांशानंतरचे अंक मोजत बसतो.

माझा खरा राग त्या अंकांवरच आहे. एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी अँगस्ट्रॉम, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ. 'क्युबिट' म्हणून इथे अठरा इंच धरलेत, म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. इजिप्तचा राजेशाही क्युबिट त्याहून सुमारे साडेसहा सेंटिमीटर मोठा, आणि ज्या मोजकाठ्या आज उरल्या आहेत त्यांचंही एकमेकींशी काही मिलिमीटरांनी जमत नाही. म्हणजे मुळातच कित्येक कोटी अँगस्ट्रॉमची शंका, आणि पडद्यावर पंधरा अंकी उत्तर. सोनाराच्या काट्यावर विटा तोलण्यातला प्रकार. प्लांक लांबी, म्हणजे भौतिकशास्त्रातली एक अतिसूक्ष्म लांबी, निवडली की हे आणखी वाढतं: १.६१६२५५ गुणिले १० चा उणे ३५वा घात मीटर, ही किंमत जेमतेम पाच अंकांपर्यंतच खात्रीची आहे. त्याने भागून आलेले पुढचे अंक निव्वळ शोभेचे.

एक्स युनिटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ सीगबानचं हे क्ष-किरणांचं एकक जवळजवळ १० चा उणे १३वा घात मीटर एवढं, पण ते एक नाही. तांब्याच्या रेषेवरून काढलं तर १.००२०७७ पट, मॉलिब्डेनमवरून १.००२१०० पट. कन्व्हर्टरमध्ये एकच आहे, कुठलं ते लिहिलेलं नाही. त्याहून वाईट म्हणजे १९४७ आधीच्या स्फटिकशास्त्राच्या निबंधांत 'अँगस्ट्रॉम' छापलेलं असलं तरी तो बहुधा हजार एक्स युनिट असतो. मिठाच्या स्फटिकातल्या एकक पेशीची (पुन्हापुन्हा येणाऱ्या मूळ ठोकळ्याची) बाजू ५.६२८ अँगस्ट्रॉम दिसली, तर १.००२०२ ने गुणून ५.६३९ करायची. हे कुठल्याच यंत्राला कळणार नाही, पण त्या एककाशेजारी दोन ओळींची टीप द्यायला काय हरकत होती?

कौतुकाची जागाही आहे. अमेरिकी सर्व्हे फूट आणि साधा फूट इथे वेगळे दिलेत. साधा फूट ०.३०४८ मीटर ठरवणाऱ्या १९५९ च्या करारानंतरही जमीन मोजणाऱ्या मोजणीदारांनी जुना फूट सोडला नव्हता, तो २०२२ संपताना अधिकृतपणे निवृत्त झाला. दोघांतला फरक एका फुटामागे ६०९६ अँगस्ट्रॉम, म्हणजे नारिंगी प्रकाशाच्या एका तरंगाएवढा! हे शोधायला मला दुसरं काही उघडावं लागलं नाही.

बाकी दिसायला ठीक, नेट नसतानाही चालतो. शोधपेटीत दोन अक्षरं टाकली की एकक सापडतं. उत्तर कॉपी करताना अंकांमधले स्वल्पविरामही सोबत येतात आणि स्प्रेडशीट ते आकडे मानायला तयार होत नाही. पाचपैकी तीन तारे.

वापरणारच असाल तर पॅरिस इंचासाठी मूळ आकडा आधी १२ ने गुणा, मग लिन्य निवडा. आलेल्या उत्तरातले चारच अंक उतरवून घ्या.