रिफर्बिश्ड स्मार्टवॉच घ्यायचंय? आधी खिशातला फोन बघा

तान्ह्या पोळ्याला दुकान अर्धाच दिवस उघडं होतं. शटर ओढणार तेवढ्यात एक पोरगा आला. पोलिस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे चार-पाच जणांसोबत दारव्हा रोडनं पळतो. हातात पांढरं खोकं.

"मामा, हे घड्याळ माह्या मोबाइलले जुळूनच नाही रायलं."

"कितीले घेतलं?"

"साडेचार हजारले. एकदम ओरिजनल हाय म्हणे."

ओरिजनलच होतं. अॅपल वॉच सिरीज ३, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं, नीट करून परत विकलेलं. बिल नाही, वॉरंटी तोंडी. आणि पोराचा फोन रेडमीचा. रात्रभर ब्लूटूथ चालू-बंद करून बिचारा दमला होता. अॅपलचं घड्याळ आयफोनशिवाय सुरूच होत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं: चांगल्या कंपनीचं जुनं घ्यावं, की दीड-दोन हजारांचं नवं? माझ्या टेबलावर आजवर जी आली, त्यांतली चार शेजारी ठेवून सांगतो. अॅपल वॉच सिरीज ३ (२०१७), सॅमसंगचं पहिलं गॅलेक्सी वॉच (२०१८), अमेझफिट बिप (आपल्याकडे २०१८ मध्ये आलं), आणि बाजारात मिळणारं नवं ब्लूटूथ कॉलिंगवालं घड्याळ, कोणत्याही ब्रँडचं.

फोन कोणता आहे?

इथंच अर्धा निकाल लागतो. अँड्रॉइड असेल तर अॅपल वॉच यादीतून काढून टाका, फुकट मिळालं तरी. उलट, 'अॅपल'चं म्हणून विकलेलं घड्याळ एखाद्या चिनी अॅपवरून अँड्रॉइडला झटकन जुळलं, तर खूश होऊ नका, ती कॉपी आहे. यात्रेत आणि बसस्टँडसमोर पंधराशेला 'अल्ट्रा' म्हणून मिळतात ती बहुतेक हीच.

आयफोन असेल तरी सिरीज ३ घेताना एक अट आहे. जुन्या मालकानं आपल्या अॅपल आयडीतून ते काढलेलं असलं पाहिजे. नसेल काढलं, तर जोडताना घड्याळ त्याचाच आयडी आणि पासवर्ड मागतं. तो माणूस पुण्याला किंवा दुबईला असला की तुमच्या हातात एक सुंदर बिल्ला उरतो. मी उघडून द्यावं म्हणून लोक येतात. ते माझ्याच्यानं होत नाही, आणि कोणी 'करून देतो' म्हणाला तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

गॅलेक्सी वॉच २०१८ अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींना जुळतं. बिपचंही तसंच. नवी स्वस्त घड्याळं तर कशालाही जुळतात, फक्त त्यांचं अॅप फोनची लोकेशन, कॉन्टॅक्ट, मेसेज सगळ्याची परवानगी मागतं. कॉल, एसएमएस घड्याळावर दाखवायला त्यातल्या काही लागतात, पण फोटोंची परवानगी मागितली तर 'काऊन बाप्पा?' असं विचारायला हरकत नाही.

बॅटरी, आणि आपला उन्हाळा

जुनं घड्याळ घेताना तुम्ही खरं तर जुनी बॅटरी घेता. फोनमध्ये ५,००० एमएएचची असते, गॅलेक्सी वॉचच्या मोठ्या, ४६ मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये ४७२ ची. एवढ्याशा बॅटरीतून तीस टक्के दम गेला की लगेच जाणवतं.

लिथियम बॅटरी दोन गोष्टींनी म्हातारी होते, चार्जिंगच्या फेऱ्यांनी आणि उष्णतेनं. फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. सिरीज ३ नवं असतानाच कंपनी १८ तास सांगायची, म्हणजे रोज चार्ज. चार वर्षं वापरलेल्या नगाच्या हजारावर फेऱ्या झाल्या. बिप मात्र नवं असताना महिनाभर चालायचं. तेवढ्याच चार वर्षांत त्याच्या पन्नासेक फेऱ्या होतात. म्हणून जुन्या मालात बिपची बॅटरी बऱ्याचदा ठणठणीत निघते आणि सिरीज ३ दुपारी तीनला मान टाकतं. लोक कंपनीचं नाव बघतात, मी आधी हा हिशेब करतो.

उष्णतेचं आपल्याकडे सांगायला नको. अॅपल आपल्या घड्याळासाठी ० ते ३५ अंश वापरण्याचं तापमान देतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, टिनाच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. तिथं खिडकीत चार्जिंगला लावलेलं घड्याळ फुगतं. फुगलेली बॅटरी ओळखायची खूण अशी: काच एका बाजूनं किंचित वर आलेली असते, कडेला नख अडकतं. असं दिसलं तर किंमत पाडून मागू नका, सरळ परत द्या. दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, पेट घेते ती.

बॅटरी बदलता येते का? गॅलेक्सी वॉच मागून स्क्रूनं उघडतं, बॅटरी मिळाली तर मी बदलून देतो. अॅपल वॉच उघडायला काच गरम करून सोडवावी लागते, आत पट्टी इतकी नाजूक की जराशी ओढली गेली की डिस्प्ले गेला. मी ते घेत नाही. नागपूर-अमरावतीला करणारे आहेत, पण मजुरी, बॅटरी आणि दोन वेळचं एसटीभाडं धरलं तर घड्याळाच्या किमतीच्या जवळ जातं.

शिवाय लाईट. रात्री थ्री फेज असेल तर माणूस पाणी ओलायला शेतात, आणि घरी यावं तर सिंगल फेज गेलेली. रोज चार्ज मागणारं घड्याळ अशा घरात आठवड्यातून तीन दिवस बंदच असतं. नवी स्वस्त घड्याळं कॉलिंग बंद ठेवलं तर पाच-सहा दिवस काढतात. कॉलिंग सुरू ठेवलं की दोन.

पळणाऱ्यांसाठी

भरतीत पोरांना १,६०० मीटर, पोरींना ८००. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि दोन फेऱ्या. ट्रॅक जवळ असेल तर जीपीएस लागतच नाही, साधं स्टॉपवॉच पुरतं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून बाजारात आहे, सात वर्षं सेल बदलावा लागत नाही. मी तेच सुचवतो आणि पोरं माझ्याकडे आजोबाकडे पाहावं तशी पाहतात.

पण तालुक्यालाच धड ट्रॅक नाही, गावात कुठून असणार. जिल्हा परिषद शाळेचं मैदान केवढं, ते कोणी मोजलेलं नसतं. म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर पळतात आणि मैलाच्या दगडावरून अंदाज बांधतात. तिथं जीपीएस खरंच कामाचं.

सिरीज ३, गॅलेक्सी वॉच आणि बिप या तिन्हींत स्वतःचं जीपीएस आहे. फोन घरी ठेवून पळता येतं. (अॅपलचं सिरीज १ स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, त्यात जीपीएस नाही. सिरीज २ पासून आलं.) स्वस्त नव्या घड्याळांच्या खोक्यावर 'जीपीएस' लिहिलेलं असतं, पण बहुतेकांत ते फोनचं जीपीएस वापरतं, म्हणजे फोन दंडाला बांधून पळा. फोन सोबत नसेल तर ते पावलांवरून अंतर काढतं. दुकानदाराला एकच विचारा: "मोबाइल घरी ठेवला तर रस्त्याचा नकाशा येतो का?"

बिपची आणखी एक गंमत आहे. त्याचा पडदा उन्हात जास्त स्पष्ट दिसतो, कारण तो बाहेरचा उजेड परत फेकून दाखवतो आणि कायम चालू असतो. बाकीच्यांना ऊन पडलं की हाताची ओंजळ करून वेळ बघावी लागते. रंग मात्र फिकट, दिसायला साधं, घालून लग्नात मिरवण्यासारखं नाही. कॉलही होत नाही त्यावर.

सॉफ्टवेअर कधी मेलं?

यावर कोणी बोलत नाही. सिरीज ३ दुकानात सप्टेंबर २०२२ पर्यंत नवं मिळायचं, म्हणून काही नग दिसायला कोरे असतात. पण त्याला मिळालेली घड्याळाच्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती वॉचओएस ८. त्याच २०२२ मध्ये आलेली ९ त्याच्या नशिबी नव्हती. वेळ, नोटिफिकेशन, पळणं हे चालतं. नवी अॅप हळूहळू नाही म्हणतात.

गॅलेक्सी वॉचची गोष्ट जरा वाईट आहे. ते टायझेनवर, म्हणजे सॅमसंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं. सॅमसंगनं २०२१ च्या वॉच ४ पासून टायझेन सोडून गूगलचं वेअर ओएस धरलं आणि २०२५ मध्ये टायझेन घड्याळांवर अॅप डाउनलोड करायची सोय बंद केली. रिफर्बिश्ड घड्याळ म्हणजे रीसेट मारलेलं. जुन्या मालकाची अॅप गेली, तुम्हाला नवी घेता येत नाहीत. मुळात जे आत आहे, स्टॉपवॉच, गजर, सॅमसंग हेल्थ, तेवढ्यावर भागवायचं. माझं मत विचाराल तर त्यावर भागतं. फिरवायची कडा आहे ना त्याची, चिखलाच्या बोटानंही फिरते.

पेबल नावाचं घड्याळ होतं. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरवर पैसे उभे राहिले, बॅटरी आठवडाभर चालायची. २०१६ मध्ये कंपनी फिटबिटनं घेतली, २०१८ मध्ये सर्व्हर बंद झाले. चाहत्यांनी स्वतःची सेवा उभी करून ती घड्याळं जिवंत ठेवली. आपल्याकडे एखादं आलं तर हौस म्हणून घ्या.

बिप मुळातच एवढं साधं की त्यात अॅप घालायची भानगड नाही. फोनमधलं झेप अॅप चालतं तोवर ते चालतं.

पाणी, घाम, फवारा

तिन्ही जुनी घड्याळं नवी असताना पाण्याला टिकायची. रिफर्बिश्ड म्हणजे एकदा तरी उघडलेलं असू शकतं, आणि उघडलं की आतलं रबर पहिल्यासारखं बसेलच याची खात्री नाही. पावसात चालेल, विहिरीत उडी नको. फवारणीला जाताना तर कोणतंही घड्याळ काढून ठेवा. औषध पट्ट्याखाली साचतं आणि दिवसभर कातडीला लागून राहतं.

हृदयाचे ठोके घड्याळ हिरव्या उजेडानं मोजतं, रक्त तो उजेड किती शोषतं त्यावरून. पट्टा सैल असेल तर आकडा चुकतो. मनगटावर गोंदण असेल तरी चुकतो. एका आजीच्या हातावर आकडा येईना, नातू घड्याळ खराब म्हणून घेऊन आला. दुसऱ्या हातावर बांधलं, आलं. स्वस्त घड्याळांतला बीपीचा आकडा मात्र विसरून जा. मी एकदा काकडीला बांधून पाहिलं, काकडीचं बीपी १२० बाय ८० निघालं. घरात बीपीचा पेशंट असेल तर दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या.

मग घ्यायचं काय?

आयफोन आहे, रोज चार्ज करायची सवय आहे, गावात लाईटचा त्रास नाही: सिरीज ३ चालेल, पण मी असतो तर थोडे जास्त घालून अॅपलचंच सिरीज ४ किंवा पहिलं एसई बघितलं असतं. अँड्रॉइड आहे आणि हातावर जरा भारी दिसलं पाहिजे: गॅलेक्सी वॉच, ४६ चं, आणि डॉक, म्हणजे चार्जिंगचं स्टँड, सोबत असेल तरच. पट्टा २२ मिलिमीटरचा, कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. पळायचंय, शेतात राहायचंय: बिप, चार्जिंगच्या कपासकट. तो कप हरवला की ऑनलाइन मागवून आठ दिवस वाट बघा. गाडीवर असताना फोन खिशातून न काढता कोणाचा आला एवढंच बघायचंय: नवं दीड हजारचं घ्या, एक वर्षाची वॉरंटी तरी मिळते.

कोणतंही घ्या, दुकानात अर्धा तास बसा. स्वतःच्या फोनला जोडा. स्वतःलाच एक मराठी मेसेज पाठवून बघा, काही घड्याळांत देवनागरीऐवजी नुसते चौकोन येतात. चार्जिंग लिहून ठेवा आणि अर्ध्या तासानं परत बघा, नुसतं ठेवून दहा टक्के उतरलं तर उठा. बिल घ्याच, त्यावर 'रिफर्बिश्ड' आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून काही बोलता येतं.

त्या पोराला पैसे परत मिळाले नाहीत. विकणारा म्हणाला, बदल्यात इअरफोन घे. शेवटी आयफोनवाल्या एका गुरुजींनी ते घड्याळ तीन हजारांत घेतलं, आणि पोरानं त्यातल्या थोड्या पैशांत एक वापरलेलं बिप घेतलं. त्यांचं १,६०० मीटर म्हणजे दगडापासून लिंबाच्या झाडापर्यंत, असं दोन वर्षांपासून ठरलेलं होतं. तीन दिवस पळून बघितलं, तिन्ही दिवस दीड हजाराच्या आसपासच आलं. आता झाडाच्या पुढं, पुलाच्या कठड्यावर त्यांनी चुन्याची खूण केली आहे.