जुनी गाडी घेण्यापूर्वी ‘एम-परिवहन’: उपयोग आणि मर्यादा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या या मोफत ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार आणि विम्याची मुदत दिसते, आणि विक्रेत्याने सांगितलेले वर्ष त्याच्याशी जुळत नसेल, तर बोलणी तिथेच थांबवावीत. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय विसार देऊ नये. पुरात बुडालेली गाडी मात्र हे ॲप ओळखत नाही. त्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेषा आहे का आणि सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का, हे स्वतः पाहावे लागते (आत सुगंधाचा फवारा जितका दाट, तितका माझा संशय वाढतो). मीटर मागे फिरवले असेल, तर झिजलेल्या पेडलवरून आणि सर्व्हिसच्या बिलांवरून ते बहुधा लक्षात येते.