खणाची पॅचवर्क कुशन कव्हरं: दिवाळीपासून वापरल्यावर माझं मत

आणखी एका कव्हरची चेन काल गेली, म्हणून हे लिहायला बसले. पॅचवर्क कसं करतात ते नव्याने सांगत नाही. माप नेहमीचंच, १६ बाय १६ इंच. साडेचार इंचांचे १६ चौकोन, पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड), शिवल्यावर प्रत्येक चौकोन चार इंचांचा. समोर ओटीत आलेले खण, इरकलीच्या जुन्या पदराचे तुकडे आणि मधेमधे साधं पॉपलीन. दिसायला कव्हरं आजही सुरेख आहेत. काठाची नक्षी चौकोनाच्या बरोबर मध्ये बसवायला मी खूप कापड वाया घालवलं, आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

तक्रार आहे ती पाठीमागच्या चेनबद्दल.

मीटरवर मिळणारी नायलॉनची चेन आणली होती, ३ नंबरची म्हणजे बारीक दातांची, आणि रनर, म्हणजे चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा, वेगळे. पहिले दोन महिने काही त्रास नव्हता. संक्रांतीच्या आसपास एका कव्हरचा रनर अडकायला लागला. जोर लावला की पुढे जायचा, पण मागे चेन उघडीच राहायची. दुकानात गेले, तर "कापलेली चेन परत घेत नाही ताई, आणि रनरची गॅरंटी कुणीच देत नाही," एवढंच उत्तर. कापलेली चेन घेत नाहीत हे समजू शकते. पण दोन रुपयांचा रनर बदलून द्यायलाही नकार? नवी चेन बसवायला शिंप्याने एका कव्हरचे ६० रुपये सांगितले. जे कव्हर घरातल्या तुकड्यांतून उभं राहिलं, त्याच्या चेनवर ६० रुपये मी घालणार नाही.

मग घरीच रनर काढून उजेडात धरला. आत खणाचा लाल धागा गुंडाळून बसला होता, केसाएवढा बारीक. खणाच्या दशा किती सुटतात हे ज्यांनी खण कापलाय त्यांना माहीत आहे. साध्या एकसंध कव्हरला आतून चारच कडा असतात, पण १६ चौकोनांच्या कव्हरमध्ये आडव्या-उभ्या मिळून सहा शिवणी आणि प्रत्येक शिवणीला कापडाच्या दोन उघड्या कडा. प्रत्येक धुण्यात त्यांचे धागे सुटतात आणि चेनच्या दातांत जातात. रनर अडकला की आपण ओढतो, ओढलं की त्याचे दोन्ही जबडे किंचित फाकतात, आणि फाकलेला रनर दात एकमेकांत दाबून बसवू शकत नाही. म्हणजे ३ च्या ऐवजी जाड दातांची ५ नंबरची चेन घेतली असती तरी आज ना उद्या हेच झालं असतं. चेनच्या दर्जावर खापर फोडून उपयोग नाही. खणाच्या उघड्या शिवणी आणि चेन यांचं जमतच नाही.

चेनला पर्याय म्हणजे पाकीट-पाठ. तिच्याबद्दल आधी माझं मत फारसं चांगलं नव्हतं. पाठीवर एकावर एक येणारे दोन तुकडे, बटण नाही, चेन नाही. मला ते कामचलाऊ वाटायचं. एक कव्हर तसं शिवलं ते केवळ चेन संपली होती म्हणून. आज सगळ्यात चांगल्या अवस्थेत तेच आहे. धुतलंही सगळ्यात जास्त तेच, कारण ते खिडकीशेजारच्या खुर्चीत असतं आणि धूळ त्यावर बसते. आपल्या घरातल्या उशांचे अभ्रे पिढ्यान्‌पिढ्या असेच दुमडलेल्या तोंडाचे आहेत, त्यांना कुणी चेन लावली नाही.

फक्त माप नीट धरा. दोन्ही तुकडे साडेसोळा इंच रुंद आणि सव्वाबारा इंच उंच. एका बाजूला दीड इंच दुमडून टीप मारायची, उरतात पावणेअकरा. दोन्ही एकावर एक ठेवले की पाच इंच झाकण येतं. तीन इंच ठेवलं तर भरलेल्या कुशनचं तोंड वासतं आणि आतलं पांढरं दिसतं; पाकीट-पाठ वाईट म्हणणाऱ्या बहुतेकांनी झाकण कमी ठेवलेलं असतं. ३६ इंची पन्ह्याच्या कापडातही सव्वाबारा इंचांच्या एका पट्टीत दोन्ही तुकडे निघतात, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा मीटर. मी जुन्या चादरीच्या न विरलेल्या कडेचं वापरलं. खर्च शून्य.

दुसरं मत बदललं ते अस्तराबद्दल. आधी मला अस्तर म्हणजे जादा काम वाटायचं. आता इरकलीचे तुकडे शिवणीच्या अगदी लगत फाटायला लागलेत. टीप शाबूत आहे, कापडच गेलंय. जुनं कापड आणि शेजारी नवं घट्ट पॉपलीन, सगळा ताण जुन्यावर येतो. एका कव्हरला मी मागून जुन्या मलमलीचं अस्तर लावून वरून धावदोरा घातला होता, गोधडीला घालतात तसा. त्यात एकही तुकडा फाटलेला नाही. आणि हे सांगायलाच हवं की त्या कव्हरची चेनही अजून चालते, कारण शिवणी अस्तराखाली झाकल्यात आणि धागे चेनपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा ज्यांना चेनच हवी त्यांनी अस्तर लावावं, किंवा शिवणी इंटरलॉक करून घ्याव्यात, म्हणजे उघड्या कडा मशीनने दोऱ्यात बांधून घ्याव्यात. इंटरलॉकचे पैसे पडतात, जुनी मलमल घरात असते.

भरणाबद्दल थोडक्यात. फायबर चालतं, लवकर वाळतं, पण कोपऱ्यांतून सरकून मध्ये गोळा होतं. हाताने उकलून परत पसरावं लागतं. सावरीचा कापूस अंगाला छान लागतो, पण तो धुता येत नाही, म्हणून लहान मुलांच्या घरात नको. रंगाचं म्हणाल तर लाल आणि जांभळा खण कापण्याआधी भिजवाच. ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवली की रंग सोडतो का ते तिथेच कळतं. मी हे सगळ्या तुकड्यांना केलं आणि एकाही पॉपलीनवर डाग नाही.

ज्यांची चेन आत्ता अर्धवट चालतेय त्यांनी लगेच उसवू नका. रनर एका टोकाला नेऊन आतले धागे टाचणीने काढा. मग पक्कडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा, जिथून चेन मिटून बाहेर पडते तिथे, अगदी हलक्या दाबा. आधी एक बाजू, मग दुसरी. जास्त दाबलं तर रनर तुटतो. माझ्या दोन कव्हरांचं यावर होळीपासून आतापर्यंत निभावलं. धुताना चेन लावून आणि कव्हर उलटं करून धुवा, आणि नायलॉनच्या दातांवर सुतीच्या तापमानाची इस्त्री नेऊ नका, दात मऊ होऊन वाकडे होतात.

उरलेल्या कव्हरांच्या पाठी गणपतीच्या आधी बदलायच्या आहेत. समोरची बाजू तशीच ठेवणार, फक्त जुन्या पाठीची टीप उसवून नवी पाठ लावणार, आणि इरकल असलेल्या कव्हरांना त्याच वेळी अस्तरही.