मुशिशी की नात्सुमे: आधी कोणतं बघावं?

दिवसभराच्या कामानंतर मारामारी, आरडाओरडा नको वाटतो, पण गोष्ट तर हवी असते. असं कुणी म्हणालं की मी दोन अ‍ॅनिमे (जपानी अॅनिमेशन मालिका) सुचवते: ‘मुशिशी’ आणि ‘नात्सुमे यूजिनचो’. लगेच पुढचा प्रश्न येतो, यातलं आधी कोणतं? दोन्हींत माणसांपलीकडचं जग आहे, दोन्हींत बहुतेक प्रत्येक भाग ही एक स्वतंत्र गोष्ट आहे आणि दोन्हींची चाल संथ आहे. तरीही दोन्हींचा स्वभाव फार वेगळा. एकातला नायक गोष्ट संपली की गाव सोडून जातो. दुसऱ्यातला संध्याकाळी घरी परततो. निवड करताना मी हाच फरक आधी सांगते.

‘मुशिशी’ 2005 साली आली. युकी उरुशिबारा यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, हिरोशी नागाहामा यांनी ती दिग्दर्शित केली. ‘मुशी’ म्हणजे इथे भूत नाही, देव नाही, नेहमीचा किडाही नाही. झाडं-प्राणी यांच्याही आधीचं, जीवनाच्या मुळाजवळचं काहीतरी. ते माणसाच्या कानात शिरतं, स्वप्नात राहतं, डोळ्यात घर करतं. त्यात वाईट हेतू नसतो, ते फक्त जगत असतं. गिंको हा त्यांचा जाणकार. पांढरे केस, एकच हिरवा डोळा, पाठीवर लाकडी पेटी आणि ओठात विडी, कारण तिच्या धुराने मुशी लांब राहतात. ते त्याच्याकडे आपोआप ओढले जातात. तो एका जागी राहिला तर ती जागा मुशींनी भरून जाईल, म्हणून बिचाऱ्याला कुठेच मुक्काम नाही.

तिसरा भाग मला सगळ्यात जवळचा. डोंगरातलं गाव, बर्फ इतका की सगळा आवाज त्यात जिरून जातो. तिथल्या लोकांच्या एका कानाला ऐकू येईनासं होतं. एका मुलाचं मात्र उलट: त्याला नको इतके आवाज ऐकू येतात आणि कपाळावर शिंगं फुटली आहेत. त्याची आई याच दुखण्याने गेली. जाण्याआधी तिने त्याला हात कानांवर दाबून ऐकायला शिकवलं होतं. आत घरघर ऐकू येते, डोंगराच्या पोटात लाव्हा वाहत असावा तशी. औषधाचा रस्ता त्या आठवणीतूनच निघतो. एवढीच गोष्ट, पण मी ती चार वेळा पाहिली आहे.

‘मुशिशी’त सगळे बरे होत नाहीत, हे आधीच सांगायला हवं. काही माणसं हरवतात आणि गिंकोला त्यांना वाचवता येत नाही. दुसऱ्या भागातलं डोळ्यांचं दृश्य तर लहान मुलांना नक्की घाबरवेल.

‘नात्सुमे’ची ऊब निराळी. ताकाशी नात्सुमे हा पोरका मुलगा. त्याला योकाई, म्हणजे जपानी लोककथांतली भुतंखेतं, दिसतात, म्हणून नातेवाइकांनी त्याला खोटारडा ठरवून या घरातून त्या घरात फिरवलेला. आजी रेको हिने योकाईंना हरवून त्यांची नावं एका वहीत बांधून ठेवली होती. ती वही त्याच्या हाती येते आणि तो एकेकाचं नाव परत करू लागतो. पान फाडून दातांत धरायचं, हात जोडायचे, श्वास सोडायचा, की अक्षरं हवेतून मूळ मालकाकडे जातात. दर वेळी नावाबरोबर त्या योकाईची आठवणही उलगडते. सोबतीला न्यान्को सेन्सेई, मांजराच्या गुबगुबीत रूपात अडकलेला बलाढ्य योकाई.

दुसऱ्या भागात रानातल्या छोट्या देवळीतला एक देव आहे. भक्त कमी होत गेले तसा तो लहान होत गेला, आता तळहातावर मावेल एवढाच उरलाय. त्याच्याकडे येणारी शेवटची माणूस म्हणजे हाना नावाची म्हातारी. वाटेकडेच्या घुमटीसमोर आपसूक हात जोडणाऱ्या आपल्या माणसाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, तेवढं तुमच्यासाठी राहू दे.

मालिकेतली नदी, पूल, देऊळ कुमामोतो प्रांतातल्या हितोयोशीच्या परिसरावरून घेतलेत, म्हणून गाव खरं वाटतं. पण मन गुंततं ते नात्सुमेला आपल्याकडे ठेवून घेणाऱ्या फुजिवारा दांपत्याच्या घरात. तोको काकू डबा भरून देतात, रात्री जेवायला वाट पाहतात. वाट पाहणारं कुणी असणं नात्सुमेला नवं आहे, आणि त्याचा संकोच दर भागागणिक तसूतसूने कमी होतो. म्हणून ‘नात्सुमे’ क्रमानेच बघा. 2008 पासून 2024 पर्यंत सात सीझन आलेत, भाग ऐंशीहून जास्त, घाई करू नका. ‘मुशिशी’चे पहिले 26 भाग मात्र कुठूनही उचला. फक्त गिंकोचा भूतकाळ सांगणारा बारावा भाग जरा उशिरा बघितलात तर जास्त भिडेल. 2014 मध्ये पुढचे भागही आले.

मन उदास असेल, घरापासून लांब राहत असाल, किंवा घरी दहा-बारा वर्षांचं मूल सोबत बघणार असेल, तर आधी ‘नात्सुमे’. पहिला भाग थोडा धावपळीचा आहे, पण दुसरा बघितल्याशिवाय सोडू नका. उदासी नाही, नुसता गोंगाटाचा कंटाळा आलाय, एकट्याने बसायला वेळ आहे, आणि उत्तर न मिळालेली गोष्टही चालते, तर ‘मुशिशी’. माझं स्वतःचं मन ‘मुशिशी’कडे थोडं जास्त झुकतं. सुरुवातीला अ‍ॅली केरचं गिटारवरचं गाणं, शेवटी प्रत्येक भागाला तोशिओ मासुदा यांचं वेगळं संगीत. ते वाजत असताना मी लगेच पुढचा भाग लावत नाही.

तरी ठरत नसेल तर आज रात्री दिवे मालवून ‘मुशिशी’चा तो तिसरा भागच लावा. संपला की दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघा. ती घरघर खरंच ऐकू येते.