ओपनफोम: धमनीतल्या रक्तासाठी वापरून बघितलं, पाचपैकी चार

एमटेकच्या प्रोजेक्टला अरुंद झालेल्या धमनीतलं रक्त आणि तापमान असा विषय आला, विकतचं सॉफ्टवेअर खिशाला झेपणारं नव्हतं म्हणून ओपनफोम (द्रव कसा वाहतो ते कॉम्प्युटरवर सोडवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. 2004 पासून ओपन सोर्स, लायसन्सची कटकट नाही, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घाला. बटणंबिटणं शोधू नका, सगळं टेक्स्ट फाइलीत लिहायचं, माझा पहिला आठवडा कंस जुळवण्यातच गेला.

रक्तासाठी बर्ड-कॅरो मॉडेल (वेगाने वाहताना रक्ताचा घट्टपणा किती कमी होतो ते सांगणारं सूत्र) आयतं मिळतं. पेपरांत त्याचे घट्टपणाचे 0.056 आणि 0.00345 हे आकडे पास्कल-सेकंदात असतात, पिसोफोमला (ओपनफोममधला प्रवाह सोडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर) मात्र ते घनतेने, म्हणजे 1060 ने भागून द्यावे लागतात. मी एकक बरोबर लिहिलं आणि आकडे तसेच ठेवले, म्हणजे रक्त हजारपट घट्ट झालं 🤦 एकक चुकलं तर हे लगेच ओरडतं, आकड्याला काही बोलत नाही. रन एकदम गुळगुळीत. व्यास निम्मा केला होता तर मध्ये सरासरी वेग चौपट यायला हवा, तो आलाही, म्हणून मी खूश. सरांनी बघितलं आणि म्हणाले, अरे अडथळ्याच्या पुढे भोवरा कुठाय, हे रक्त आहे का काकवी? चौपट वेग काय, काकवीतही येतो, जेवढं आत गेलं तेवढं बाहेर पडणारच ना! दोन आठवडे गेले. प्रेशरचंही तेच, आलेला आकडा 1060 ने गुणा तेव्हा पास्कल.

तापमानासाठी वेगळा सॉल्व्हर लिहायला लागेल असं वाटत होतं पण कंट्रोलडिक्टमध्ये (रनच्या सेटिंगची फाइल) स्केलर ट्रान्सपोर्ट (प्रवाहाबरोबर तापमान वाहून नेणारं तयार गणित) जोडलं की काम होतं, फरक एखाद्या-दोन डिग्रीचाच असेल तर एवढं पुरतं. फक्त मेशकडे (गणितासाठी धमनीचे पाडलेले बारीक तुकडे) बघा. रक्ताचा प्रँटल नंबर (उष्णतेच्या मानाने वेगातला फरक किती पटीने सहज पसरतो तो आकडा) 25 च्या आसपास, त्यामुळे भिंतीजवळ जिथे तापमान बदलतं तो थर वेगाच्या तशाच थरापेक्षा साधारण तिपटीने पातळ, भिंतीला चिकटलेला. वेगाला पुरलेली मेश मी तशीच वापरली, मग बारीक केली तर वेग जागचा हलला नाही आणि भिंतीवरची उष्णता भलतीच बदलली. सूज असलेला प्लाक (धमनी अरुंद करणारा भिंतीवरचा चरबीचा साठा) थोडा गरम असतो आणि वाहतं रक्त त्याला थंड करतं, आपल्याला बघायचं असतं ते नेमकं तिथेच, त्यामुळे इथे कंजुषी नको.

पॅराव्ह्यूत (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) चित्रं झकास येतात. एक स्टार कापला तो टेक्स्ट फाइलींसाठी. भिंत मी कडकच धरलीय, लवचिक धमनी कोणी केली असेल तर सांगा, मला अजून हिंमत होत नाहीये.