फेरारी १५६ आणि जुनं स्पा: सिम्युलेटर पॅकचा वापरानंतरचा अनुभव

संगणकावरच्या रेसिंग सिम्युलेटरसाठी हा पॅक पावसाळ्याआधी घेतला. यात बेल्जियमचा जुना स्पा ट्रॅक आणि १९६१ ची फॉर्म्युला वन गाडी फेरारी १५६ मिळते. दिवाळी होऊन गेली, तरी संध्याकाळी तोच चालू असतो. घेतला तो बेल्जियन रेसर ओलिव्हिए जांदबियाँच्या गाडीसाठी. १९६१ च्या बेल्जियन ग्रां प्रीत बाकीच्या तीन फेरारी लाल होत्या, त्याची एकट्याची बेल्जियमच्या पिवळ्या रंगात.

आधी ट्रॅकबद्दल. एक फेरी १४.१ किलोमीटरची, तीही शेतांच्या आणि घरांच्या कडेने जाणाऱ्या साध्या हमरस्त्यावर. माल्मेदी गावानंतर मास्टाचा लांबलचक सरळ रस्ता लागतो. गाडी पूर्ण वेगात असते आणि घरांमधून एकदम डावं-उजवं वळण येतं. ब्रेक मारला तर पुढे स्ताव्हलोच्या वळणापर्यंत वेग मिळत नाही, न मारावा तर समोर भिंत. पाय किंचित उचलायचा आणि स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. अरुंद टायरांवर गाडीचा मागचा भाग सुटू लागला की हातातल्या चाकाला ते लगेच जाणवतं. पैसे इथेच वसूल होतात.

पिवळ्या गाडीत जुनं ६५ अंशांचं (सिलिंडरच्या दोन रांगांमधला कोन) व्ही-६ इंजिन आहे, लाल गाड्यांत १२० अंशांचं नवं, जास्त ताकदीचं. त्यामुळे सरळ रस्त्यावर त्या हळूहळू निसटतात. हा फरक पॅकमध्ये प्रामाणिकपणे उतरलाय. खरा जांदबियाँ याच गाडीतून तिसऱ्या जागेवरून सुटला आणि ३० फेऱ्यांनंतर चौथा आला. आदल्याच आठवड्यात तो फेरारीतल्याच फिल हिलबरोबर ल मां ही २४ तासांची शर्यत जिंकून आला होता! अर्ध्या शर्यतीतच माझे खांदे भरून येतात, तेव्हा या माणसाचा दम काय असेल ते कळतं.

म्हणूनच पॅकमधला त्याचा परिचय फार खटकला. १४ फॉर्म्युला वन शर्यती, १८ गुण, संपलं. अहो, १९५८, १९६०, १९६१ आणि १९६२ अशी चार ल मां विजेतेपदं कुठे गेली? १९६० ला जोडीला पॉल फ्रेर होता, हाडाचा मोटार-पत्रकार. सेब्रिंगची १२ तासांची शर्यत तीनदा, सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत तीनदा जिंकली. रात्रभर गाडी सांभाळत पळवणं हीच त्याची खरी विद्या, आणि १९६२ च्या ल मां विजयानंतर तो थांबला.

पॅकमध्ये पाऊस नाही, ही दुसरी उणीव. स्पाला पाऊस हवाच.

स्टिअरिंग-पेडल असतील तर जरूर घ्या. नुसत्या गेमपॅडवर मास्टाची मजा येत नाही. पुढच्या अपडेटमध्ये त्याची ल मांची फेरारी, टेस्टा रोसा, द्यावी, एवढीच मागणी आहे.