जुन्या होडीला आउटबोर्ड: मागच्या फळीवर की ब्रॅकेटवर?

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरात एखादी जुनी फायबरची होडी ओढून ठेवलेली दिसते. अंग धड, पण आतलं डिझेल इंजिन थकलेलं. मालकाने ठरवलेलं असतं की शाफ्ट आणि पंखा काढायचा, बुडाचं भोक बुजवायचं आणि आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगायचं मशीन, लावायचं. खाडीच्या तोंडावर साचणारी वाळू पाहता हा विचार वाईट नाही. उथळ पाण्यात आउटबोर्ड वर उचलता येतं, आतल्या मशीनचा पंखा मात्र वाळूत घासतो. मग प्रश्न उरतो तो मशीन टांगायचं कुठे.

वाटा मुख्यतः दोन. एक, मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, मधोमध कापून खाली घ्यायची आणि मशीन थेट तिच्यावर बसवायचं. दुसरी, फळी पूर्ण उंचीची ठेवून तिच्या बाहेर दीड-दोन फुटांचा ब्रॅकेट बोल्टने आवळायचा आणि मशीन त्यावर चढवायचं. इथे डोळ्यांसमोर 24 ते 28 फुटांची, जाळी मारणारी होडी आणि साधारण 40 हॉर्सपॉवरचं, शंभरेक किलोचं फोर-स्ट्रोक मशीन आहे. माझं मत आधीच सांगतो: अशा बहुतेक होड्यांना थेट फळीच बरी. ब्रॅकेट चांगला असतो, पण त्याच्या अटी बऱ्याच आहेत.

आधी फळी ठोकून बघा

दोन्ही वाटांचा भार शेवटी फळीवरच येतो. जुन्या फायबर होडीत ती अखंड फायबरची नसते, बाहेर-आत फायबर आणि मध्ये प्लाय असतो. कुणीतरी कधीतरी पाइपसाठी, शिडीसाठी, दिव्यासाठी भोकं पाडलेली असतात आणि तिथून पाणी आत मुरतं. हातोडीच्या दांड्याने फळी खालपासून वरपर्यंत ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथे आतल्या बाजूने, खालच्या अंगाला, बारीक ड्रिल मारा. कोरडा पिवळट भुसा निघाला तर नशीब चांगलं. काळा ओला चोथा निघाला तर प्लाय कुजलाय, आणि मग बाहेरचा थर साच्यासारखा ठेवून आतला थर कापायचा, प्लाय खरवडून काढायचा आणि नवा बसवायचा.

नवा प्लाय IS 710 शिक्क्याचाच, म्हणजे मरीन प्लायच घ्या. घरच्या कपाटातून उरलेला प्लाय होडीत घालणारे महाभाग आहेत. 18 मिलिमीटरचे दोन थर चिकटवून साधारण दीड इंच जाडी मिळते, वर मॅट आणि रोविंगचे, म्हणजे फायबरच्या कापडाचे, थर. पण निम्मी ताकद फळीच्या जाडीत नसते, ती फळीला बाजूंशी आणि बुडातल्या उभ्या पट्ट्यांशी जोडणाऱ्या तिकोनी गुडघ्यांत असते. हे गुडघे नसतील तर ब्रॅकेटचा विषय तिथेच संपवा.

मागून लाट येते तेव्हा

ब्रॅकेटचा खरा फायदा हाच. थेट बसवायचं तर लाँग शाफ्टच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मशीनसाठी फळी बुडापासून 20 इंचांच्या उंचीपर्यंत खाली कापावी लागते. खाडीत शिरताना मागून फुटणारी लाट त्या खाचेतून सरळ आत येते. म्हणून खाचेच्या पुढे पाणी अडवणारी हौदी करावी लागते, ती जागा खाते, आणि तिची निचऱ्याची भोकं जाळ्याच्या कचऱ्याने तुंबतात. ब्रॅकेटला ही कटकट नाही. फळी पूर्ण उंच राहते आणि हौदीची दोन-तीन फूट जागा जाळ्यांना, बर्फाच्या खोक्यांना मिळते.

ब्रॅकेटमुळे वेग वाढतो असंही सांगितलं जातं. पाण्यावर उचलून धावणाऱ्या, सपाट बुडाच्या बोटीत ते खरं आहे, कारण बुडामागे थोड्या अंतरावर पंख्याला स्वच्छ पाणी मिळतं. आपल्या गोल पोटाच्या, पाणी ढकलत जाणाऱ्या होडीला त्यातलं फारसं काही मिळत नाही.

वजनाचा हिशेब

शंभर किलोचं मशीन फळीपासून दोन फूट मागे गेलं आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टांत सव्वा फुटाचं अंतर असलं, तर होडी उभी असतानाच वरच्या बोल्टांवर 160 किलोच्या आसपास ओढ येते. ब्रॅकेटचं स्वतःचं वजन वेगळं. मशीन चालू झाल्यावर पंख्याचा रेटा खालून पुढे ढकलतो, म्हणजे वरच्या बोल्टांवरची ओढ वाढतेच, आणि लाटेवर आदळताना ती काही पट होते. म्हणून बोल्ट आरपार हवेत आणि आतून वॉशरऐवजी रुंद पट्टी हवी. भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं, ते सुकल्यावर मापाचं पाडायचं, म्हणजे प्लायला पाणी लागत नाही.

होडीचा तोलही बदलतो. मधलं जड डिझेल गेलं आणि भार शेपटाला लटकला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर येते. 26 फुटी होडी पाण्यात जिथे तोलते तो मध्य फळीपासून 12 फुटांवर धरला, तर ब्रॅकेटवरचे शंभर किलो हे फळीवरच्या जवळपास 117 किलोंइतके भासतात. पैसे मोजण्याआधी होडी पाण्यात घालून, टाकी आणि जाळी जागेवर ठेवून, दोन माणसं अगदी मागच्या फळीला टेकून उभी करा. होडीच्या निचऱ्याची भोकं पाण्याखाली गेली तर ब्रॅकेट नको. बंद पेटीचा, पाण्यात तरंगायला मदत करणारा ब्रॅकेट यात थोडी सूट देतो, उघड्या सांगाड्याचा देत नाही.

हँडल पोचतं का?

ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. हँडलचं आउटबोर्ड दोन फूट बाहेर गेलं की हँडल होडीत पोचतच नाही. मग रिमोट, केबल आणि चाकाचं स्टिअरिंग आलं, म्हणजे ब्रॅकेटच्या खर्चावर आणखी खर्च. दोरी ओढून चालू होणारं मशीन असेल तर रात्रीच्या हलत्या पाण्यात फळीवरून बाहेर ओणवं व्हावं लागतं. त्यात पंख्यात जाळं अडकलं तर? थेट फळीवरचं मशीन वर उचलून सुरीने जाळं कापता येतं. ब्रॅकेटवर त्यासाठी कुणालातरी बाहेर लटकावं लागतं. जाळ्याच्या धंद्यात हे रोजचं आहे, म्हणून माझं पारडं थेट फळीकडे झुकतं. तारकर्लीसारख्या ठिकाणी पर्यटक फिरवणाऱ्या होडीचं गणित वेगळं. तिथे जाळं नसतं, चाकाचं स्टिअरिंग बहुधा लागतंच आणि मागची उंच फळी लोकांना धीर देते.

लाकडी होडी असेल तर ब्रॅकेटचं नाव काढू नका, निदान सागाच्या फळ्या आणि वांक, म्हणजे आतल्या बरगड्या, तपासल्याशिवाय. जुन्या ओलसर लाकडावर वरून फायबर चढवलं की ओल आत कोंडते आणि लाकूड आतून कुजतं. दोन्ही टोकं निमुळती असलेल्या होडीला मागे फळीच नसते, तिथे बाजूला लाकडी खुंट बांधून छोटं मशीन टांगण्याची रीत आहे आणि ती पुरते.

अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट घेतलाच तर त्यावर तांब्याचा शेवाळरोधक रंग लावू नका, खाऱ्या पाण्यात तो धातू खातो. स्टीलच्या बोल्टाखाली नायलॉनचं वॉशर आणि ब्रॅकेटला जस्ताचा तुकडा हवा.

कामाची वेळही बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून सगळे तेव्हाच फायबरवाल्याकडे धावतात. पण भर पावसात दमट प्लायवर रेझिन नीट धरत नाही. पक्कं छप्पर नसेल तर फळीचं काम मे महिन्यातच उरका.

आणि मशीन आधी बुक करू नका. कापलेल्या फळीला 20 इंची शाफ्ट लागतो. ब्रॅकेटवर पाणी बुडामागे वर उसळतं, म्हणून फळीपासूनच्या दर फुटामागे मशीन साधारण एक इंच वर घ्यावं लागतं आणि उंच ब्रॅकेटला 25 इंची शाफ्टही लागू शकतो. आधी होडीचं माप, मग दुकान. नवं मशीन बसलं की मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात नोंद बदलायला जाताना त्याचं बिल आणि नंबर सोबत न्या.